लाटसाहेबांचं सुतक

मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या. मला सवय आहे. मी एक जुना, कसर लागलेला, पांढऱ्याचा पिवळा पडलेला टोप आहे. टोप म्हणजे आमटीचा नव्हे! विलायतेचे वकील कोर्टात डोक्यावर घालतात, तो केसांचा. दोन्ही कानांवर गुंडाळ्यांच्या ओळी आणि मागे दोन शेपट्या. आता गुंडाळ्या सुटल्या आहेत आणि एक शेपटी उंदराने नेली आहे. पण एके काळी मी असा काही दिसायचो की काय सांगू!

माझा जन्म घोड्याच्या शेपटीत झाला. पुन्हा हसलात? शेपटीतून निघून थेट डोक्यावर जाऊन बसलेले तुम्ही काय कमी पाहिलेत? मी निदान धुऊन, उकळून, विंचरून घेऊन मग बसलो. लंडनच्या एका बोळात नाकावर चष्मा घसरलेल्या एका म्हाताऱ्याने माझा एकेक केस ओवला. विकताना तो म्हणाला, "हा कधी धुवायचा नाही बरं. टोप जितका कळकट, तितका वकील जुना आणि नामांकित." म्हणजे आमच्यात मळ हीच प्रतिष्ठा. हे ऐकून मी फार खूश झालो.

मला घ्यायला दोघं आले होते. एक लांब मानेचा तरुण, अँब्रोज पिल्बीम, आणि त्याचा बाप, जेथ्रो. जेथ्रो गाडीवान होता, गावाकडे सलगमाच्या गाड्या हाकायचा. पोरगा वकील झाला म्हणून त्याने आपली लाडकी घोडी विकली आणि त्या पैशांत मला घेतलं. दुकानातून निघताना त्याने हळूच मला स्वतःच्या डोक्यावर ठेवून आरशात पाहिलं आणि खो खो हसला. मग मला पोराच्या डोक्यावर बसवत म्हणाला, "हं. आता तुझं डोकं झाकलं. माझी काळजी मिटली."

काळजी कसली मिटते! अँब्रोज एकही खटला जिंकला नाही. एकही! बोलायचा मात्र इतका की न्यायाधीश झोपायचे, उठायचे, जेवून यायचे, तरी हा आपला "मुद्दा पहिला" वरच. एकदा तो मला घरी विसरला आणि बोडक्यानेच उभा राहिला. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "मला आपला आवाज ऐकू येत नाही." तिथली रीतच तशी. टोप नसला की वकील बोलला तरी बोलला नाही. अँब्रोजला ते उमगेना. तो अजून मोठ्याने ओरडायला लागला. "ऐकू येत नाही!" शेवटी शिपायाने कानात सांगितलं तेव्हा स्वारी पळत घरी आली. त्या दिवशी त्याने मनाशी गाठ मारली की टोपाशिवाय न्याय नाही. आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटायला लागलं. न्याय म्हणजे मीच!

पुढे एका उमरावाच्या मुलीशी, हॅरिएटशी, त्याचं जमलं. कोर्टाच्या व्हरांड्यात त्या उमरावाने विचारलं, "आणि आपले वडील?" मी डोक्यावरच होतो. आतून घामाची धार लागलेली मला कळली. अँब्रोज म्हणाला, "वारले. मी लहान असतानाच." तिकडे जेथ्रो गावात धडधाकट, गाडी हाकत होता. लग्नाचं त्याला कळलंसुद्धा नाही.

हॅरिएटचे काका सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते. लंडनचे न्यायाधीश एक दिवस त्यांच्याकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "या पिल्बीमला कुठेतरी पाठवा हो. जितकं लांब पाठवाल तितकं बरं." काकांनी पृथ्वीचा गोल फिरवला, लंडनच्या बरोबर उलट्या बाजूला बोट ठेवलं, आणि आमचा हरलेला वकील फिजीच्या बेटांचा लाटसाहेब झाला. सर अँब्रोज पिल्बीम!

वाटेत सिडनीच्या बंदरात बोट बदलायची होती. धक्क्यावर त्यांच्या गावचा एक खलाशी भेटला. टोपी काढून म्हणाला, "जेथ्रो काका गेले हो. सुगीच्या दिवसांत. शेवटपर्यंत विचारत होते, पोरगा आता कुठल्या कोर्टात आहे म्हणून." साहेब म्हणाले, "आभारी आहे," आणि बोटीवर चढले. बायकोला काय सांगणार? बाप तर तिच्या हिशेबी केव्हाच मेला होता. मेलेला माणूस पुन्हा कसा मारायचा? त्यांनी मला डब्यातून काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि पुन्हा डबा लावून टाकला. रडले नाहीत. मोठ्या साहेबांनी रडायचं नसतं, असं त्यांना वाटायचं.

वर त्या बोटीवर सगळ्यांना उवा झाल्या. साहेबांचं डोकं न्हाव्याने पार तासून काढलं.

आता लाटसाहेबाने बेटावर उतरायचं ते पिसांची टोपी घालून. हंसाची ही एवढी पिसं! ती टोपी वाटभर माझ्याशी फार तोऱ्यात वागली होती. पण किनाऱ्यापाशी वारा आला आणि बाईसाहेब उडाल्या त्या थेट पाण्यात. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. तोफा सुरू झालेल्या, किनाऱ्यावर माणसांची गर्दी, आणि साहेबांचं डोकं उघडं! "माझा टोप आणा!" ते ओरडले. मला घाईघाईने डोक्यावर चढवण्यात आलं. बसवताना मी जरा सरकलो आणि खालचा तुळतुळीत गोटा साऱ्या किनाऱ्याला दिसला.

गर्दी एकदम गप्प झाली. सगळे खाली बसले. बायकांनी तोंडावर हात घेतले. साहेब हॅरिएटला म्हणाले, "बघितलंस? काय धाक बसला!" मीही फुगलो. माझाच तो धाक!

कसला धाक आणि कसलं काय! पुढच्याच रांगेत नाकोरोवाई गावचे मुखिया रातू इलाइतिया आणि त्यांची थोरली बहीण आदी वासेमाता बसली होती. रातू म्हणजे सरदार आणि आदी म्हणजे सरदार घराण्यातली बाई. ही तर अशी की तिच्या एका खाकरण्याने नारळ पडावेत. ती भावाच्या कानात म्हणाली, "आई गं! बघितलंस का रे? डोकं भादरलंय. वर केसांचा टोप घातलाय. बिचाऱ्याचं घरचं कोणीतरी गेलं."

मित्रांनो, त्या बेटांवर रीतच होती ती. जवळचं माणूस गेलं की डोकं भादरायचं आणि सुतक फिटेपर्यंत केसांचा टोप घालायचा.

"कोण गेलं असेल, आक्का?" रातूंनी विचारलं.

"ते आपण विचारायचं नसतं. ज्याचं गेलं त्याने सांगायचं असतं. जिभेला जरा लगाम घाल."

"मग आता?"

"मग काय? मोठ्या माणसाचं सुतक. खाडी बंद कर."

झालं! रातूंनी त्याच दिवशी खाडीत वेळू रोवून खूण केली. जोवर लाटसाहेब सुतकात, तोवर मासेमारी बंद. गावोगाव निरोप गेले. साऱ्या बेटाने आमच्या साहेबांसाठी मासे सोडले आणि साहेबांना त्याचा पत्ताच नाही.

साहेबांचा जीव माशांवर. आणि रोज न्याहारीला डब्यातलं खारवलेलं मांस! आठवड्याने ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "खिडकीतून समुद्र दिसतो आणि ताटात मासा नाही? काय चाललंय?"

दुभाषा योसेफा तिथे उभा होता. मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेला, दुसऱ्या बेटावरचा, अतिशय अदबशीर माणूस. तो खाली मान घालून म्हणाला, "नाकोरोवाईवाल्यांनी मासेमारी बंद केली आहे, सरकार."

"का?"

"आपल्यामुळे, सरकार."

एवढं बोलून तो थांबला. सुतक साहेबांचं, ते साहेबांनाच काय सांगायचं! तोंडावर बोलणं म्हणजे जखमेवर बोट. पण साहेबांच्या कपाळाच्या शिरा तटतटल्या. "माझ्यामुळे? म्हणजे मला उपाशी मारणार! का, तर त्यांचा खटला माझ्यासमोर आहे म्हणून!"

खटला खरंच होता. नाकोरोवाईच्या ओढ्याकाठी गावाची अळूची खाचरं होती आणि त्यांच्या वरच्या अंगाला पूर्वजांची थडगी. गाव जगायचं ते त्या अळूच्या कांद्यांवर. ग्रिमशॉ नावाचा एक गोरा मळेवाला म्हणत होता की ही सगळी जमीन त्याने बंदुका देऊन विकत घेतली आहे. गावाने उठावं आणि तिथे त्याचा ऊस लागावा. निकाल लाटसाहेबांच्या हाती. निकाल ग्रिमशॉच्या बाजूने लागला तर पोराबाळांसकट सारं गाव होडीत बसून कुठे जाणार, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

आणि अशात गावकरी भेटायला आले! केतकीच्या पानांच्या चटया, एक जिवंत डुक्कर, आणि रातूंच्या दोन्ही हातांत देवमाशाचा पिवळा जुना दात, दोरीत ओवलेला. त्या बेटांवर त्या दातापुढे सोनं फिकं. रातू गुडघ्यांवर पुढे आले. योसेफाने सांगितलं, "सरकार, हे आपल्याला द्यायला आलेत. आपल्या... परिस्थितीमुळे."

"माझी परिस्थिती? लाच!" साहेब कडाडले. "खटला उभा असताना भेटी? परत न्या सगळं!"

हॅरिएटबाई हळूच म्हणाल्या, "अहो, दात तर आहे. लाच म्हणून दात कोण देतं? तोही किडलेला."

"हॅरिएट, कायद्यात तू पडू नकोस!"

दात परत गेला. दुखवट्याचा दात परत करणं म्हणजे आलेल्याच्या तोंडात मारण्यासारखं. रातूंचा चेहरा उतरला. डुक्कर तेवढं मागे राहिलं, कारण ते हातातून सुटलं आणि साहेबांच्या गुलाबांमध्ये जे घुसलं ते कोणाला सापडेना.

फाटकाबाहेर आदी वासेमाता भावाला म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस. दुःखाने डोकं ठिकाणावर नाही त्याचं. माझा नवरा गेला तेव्हा मी काय कमी भांडी फेकली?"

"पण आक्का, उद्या खटला आहे. बोलायचं काय?"

"सुतकातल्या माणसासमोर वाद घालायचा? तुला लाज नाही? त्याचं सुतक फिटेपर्यंत आपण गप्प बसायचं. तो बी कळता माणूस आहे, समजून घेईल."

मी साहेबांच्या डोक्यावर खिडकीशीच होतो. हे सारं ऐकलं. भाषेची अडचण घोड्याच्या केसांना कधी पडत नाही. पण मला तोंड कुठे होतं? आणि खरं सांगू, तोंड असतं तरी मी बोललो नसतो. मी न्याय! मी का म्हणून सांगू की लोक मला सुतकाचा टोप समजतात?

दुसऱ्या दिवशी लाटसाहेबांच्या व्हरांड्यात कोर्ट भरलं. एका बाजूला ग्रिमशॉ, तांबडाबुंद, घामाघूम. दुसऱ्या बाजूला चटयांवर सारं गाव, खाली माना घालून. ग्रिमशॉ दोन तास बोलला. गावकरी आळशी, जमीन माझी, कायदा माझ्या बाजूचा. मग साहेब गावाकडे वळले. "तुमचं म्हणणं?"

कोणी हूं की चूं केलं नाही.

"योसेफा, त्यांना पुन्हा विचार."

योसेफाने विचारलं. रातूंनी मान आणखी खाली घातली. बायकांनी आवाज न करता डोळे पुसले. साहेबांना वाटलं, हा तर उर्मटपणा! आधी मासे बंद, मग लाच, आणि आता कोर्टाचा अपमान. ते म्हणाले, "इंग्रजी कायद्यात जो बोलत नाही, त्याला म्हणणं नाही असं धरतात. उद्या दुपारपर्यंत वेळ देतो. तोवर कोणी बोललं नाही तर जमीन ग्रिमशॉची."

योसेफाने हे भाषांतर करून सांगितलं. गाव उठून गेलं. जाताना म्हातारी माणसं ओढ्याकडे बघत गेली. मित्रांनो, तेव्हा पहिल्यांदा माझ्या आत काहीतरी हललं. कसर असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं.

दुसरा दिवस. पुन्हा तेच. ग्रिमशॉ मिशीला पीळ देतोय, गाव गप्प. ऊन माथ्यावर आलं. साहेबांनी घसा खाकरला, मला दोन्ही हातांनी सरळ केलं आणि म्हणाले, "ज्याअर्थी प्रतिपक्षाने..."

"थांब!"

आदी वासेमाता उभी राहिली होती. रातूंनी तिचा हात ओढला. "आक्का, बस! काय करतेस? रीत मोडतेस!"

"मोडू दे. सोड!" ती पुढे आली. "मी वाद घालायला नाही उठले. जमिनीचं मी बोलणार नाही, सुतकात जमिनीचं बोलणं पाप. मी आपलं एवढंच विचारायला उठले की, अरे लेकरा, कोण गेलं तुझं?"

योसेफा घाम पुसत म्हणाला, "सरकार, बाईसाहेब आपल्या प्रकृतीची चौकशी करतात."

"नीट सांग रे मेल्या!" आदी त्याच्यावर खेकसली. "एवढे दिवस झाले, टोप घालून हिंडतोय, डोकं भादरलंय, मासे आम्ही बंद ठेवलेत, दुखवट्याचा दात घेऊन आलो तर तोही घेत नाही. घरात बायको आहे, नोकर आहेत, शिपाई आहेत. एकानेही कधी विचारलं नाही का याला? मग मीच विचारते. कोण गेलं?"

या वेळी योसेफाने शब्दन् शब्द सांगितला. गुलाबांतलं डुक्कर तेवढं ओरडत होतं.

"सुतक?" साहेब म्हणाले. "मासे... दात... हे त्यासाठी? योसेफा, तू का नाही बोललास?"

"सरकार, सुतकात आपण. मी काय सांगणार?"

"कोणीही गेलेलं नाही! हा वकिलाचा टोप आहे! कोणीही..."

आणि मित्रांनो, साहेब अडकले. आयुष्यभर ज्याच्या तोंडाला खीळ म्हणून नव्हती, तो माणूस अडकला.

"माझे वडील," ते म्हणाले. "माझे वडील गेले."

मागे उभ्या हॅरिएटबाई गोंधळल्या. "अहो, ते तर आपल्या लग्नाआधीच..."

"नाही, हॅरिएट. तेव्हा मी त्यांना तोंडाने मारलं होतं. खरे ते आत्ता गेले. गाडीवान होते ते. मला लाज वाटायची." त्यांनी मला दोन्ही हातांनी काढलं. "हा टोप त्यांनीच घेऊन दिला. घोडी विकून."

आणि साहेब रडले हो! भर कोर्टात, बोडक्या डोक्याने, लहान पोरासारखे. आदी वासेमाता खाली बसली आणि तिने हेल काढून रडायला सुरुवात केली. त्यासरशी सगळ्या बायका रडायला लागल्या. सलगमाच्या गाड्या हाकणाऱ्या जेथ्रोसाठी फिजीच्या व्हरांड्यात अख्खं गाव रडलं. त्याला आयुष्यात एवढी माणसं कधी भेटली नसतील!

रातूंनी तो दात पुन्हा पुढे केला. साहेबांनी दोन्ही हातांनी घेतला.

डोळे पुसून आदी म्हणाली, "बरं. आता नाव घेतलंस, मन मोकळं केलंस. सुतक आज फेडू या का? टोप उतरवून आजोळच्या माणसाच्या हाती द्यायचा असतो. इथे तुझ्या आजोळचं कोण आहे?"

"कोणी नाही."

"कोणी नाही कसं? मी काय मेले? आण इकडे."

ग्रिमशॉ ताडकन उठला. "हरकत! लाटसाहेब, टोपाशिवाय कोर्ट नाही, हा आपलाच नियम! टोप उतरला तर यापुढे बोललेलं काहीच ऐकू आलं असं धरता येणार नाही!"

माझा जीव वर-खाली झाला. खरंच होतं ते. मी नसलो तर न्याय कुठला? मला वाटलं, साहेब आता मला पुन्हा घालणार. आणि घातलं की गाव पुन्हा गप्प बसणार आणि सगळं संपणार. मित्रांनो, मला तेव्हा काय वाटावं? पडू दे मला, असं वाटलं. मातीत पडू दे, पण त्या डोक्यावर नको.

साहेबांनी मला हातात उलटं करून पाहिलं. मग म्हणाले, "मिस्टर ग्रिमशॉ, हा टोप घालून मी इतकी वर्षं काढली. त्यात मी नीट ऐकलं असं एकही वाक्य मला आठवत नाही. खाली बसा." आणि त्यांनी मला आदी वासेमाताच्या हाती दिलं.

मग काय विचारता! बांध फुटावा तसं गाव बोलायला लागलं. सगळे एकदमच! कोणत्या खाचरात कोणाच्या आजीने अळू लावलं, कोणतं थडगं कोणाचं, कोणत्या वादळात ओढा कुठून वळला. साहेब एकेकाला थांबवून विचारत होते, "पुन्हा सांगा." स्वतः मात्र एकही मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा नाही! आणि बंदुकांची भानगड रातूंनीच उलगडली. ज्याने ग्रिमशॉला जमीन विकली, तो गावचा नव्हताच. लग्नाला आलेला दुसऱ्या बेटावरचा पाहुणा होता तो. गावाने त्याला जेवू घातलं, चटई दिली, आणि ज्या चटईवर झोपला त्याखालची जमीन तो पठ्ठ्या विकून, बंदुका घेऊन पसार झाला!

"मग तुम्ही त्याला अडवलं का नाही?" साहेबांनी विचारलं.

"पाहुणा होता ना," रातू म्हणाले.

साहेब इतके हसले की ग्रिमशॉच्या मिशा खाली आल्या. संध्याकाळच्या आत निकाल लागला. जमीन नाकोरोवाईची. ग्रिमशॉने लंडनला तक्रार धाडली आणि लंडनने ती नेहमीप्रमाणे एका फडताळातून काढून दुसऱ्या फडताळात ठेवली.

दुसऱ्या दिवशी खाडीतले वेळू निघाले. लाटसाहेबांच्या घरी इतके मासे आले की हॅरिएटबाईंना ठेवायला जागा पुरेना. चार दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या. पाचव्या दिवशी माशाचे काटे काढता काढता म्हणाल्या, "त्या घोडीचं नाव काय होतं?"

"डॉली," साहेब म्हणाले. योसेफाने हे स्वतः येऊन आदीला सांगितलं, म्हणून मला कळलं.

माझं काय झालं म्हणता? आदीने मला आपल्या घरात, आढ्याखालच्या टोपलीत ठेवलं. पहिले काही दिवस मी फार रुसलो. मी, लंडनच्या कोर्टात मिरवलेला, धुराने काळा होतोय! मग एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली. मित्रांनो, न्यायाचा टोप, आणि त्यात अंडी! पण एकदा पिल्लं फुटून बाहेर आली, तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला. इतकं जिवंत काही माझ्या आत पूर्वी कधी नव्हतं.

साहेब पुढे कित्येक वर्षं तिथेच राहिले. बोडक्याने न्याय करायचे. बाकीचे गोरे हसायचे, ते हसू देत. दर सुगीला नाकोरोवाईत येऊन चटईवर बसायचे, यंगोनाची मुळी कुटून केलेलं ते मातकट पेय तोंड वाकडं न करता प्यायचे, आणि आदी त्यांना म्हणायची, "वाळलास रे. बायको खायला घालत नाही का?" मग म्हातारपणी ते विलायतेला परत गेले.

एका सकाळी योसेफा धापा टाकत आला. तोही आता पिकला होता. आदी वासेमाता तर पार वाकली होती, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. तो दारातच बसला. त्याच्या धापांवरूनच तिने ओळखलं.

"कोण गेलं, ते सांग."

"आपले साहेब, आदी. बोटीने निरोप आलाय."

ती नातवाला म्हणाली, "टोपली काढ." मला बाहेर काढलं. तिने पिसं झटकली, धूर झटकला, माझ्या एकुलत्या शेपटीवर हात फिरवला. मग तिने वस्तरा मागवला आणि आपले पांढरेशुभ्र, तिला फार अभिमान असलेले केस सगळे उतरवले. आणि मला डोक्यावर घातलं.

मी तिच्या डोक्यावर वाकडाच बसलो. पण मित्रांनो, मी वकिलाच्या डोक्यावर बसलो, लाटसाहेबाच्या डोक्यावर बसलो, पण असा मान मला कुठे मिळाला नाही. खाडीत पुन्हा वेळू रोवले गेले. शंभर रात्री ती मला घालून हिंडली. पोरं हसली तर त्यांच्या पाठीत काठी घालायची. कोणी विचारलं, "आजी, कोण गेलं?" की सांगायची, "आमच्या घरचा होता एक. गाडीवानाचा पोरगा. मोठा झाला होता बरं का."

आता मी त्याच टोपलीत आहे. मला ऊन दाखवा, कसर झटका, उंदरांपासून जपा, एवढं केलंत तर उपकार होतील. नाही केलंत तरी चालेल, माझं आयुष्य झालं. पण मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कोणी फार ऐटीत वावरत असेल, फार बोलत असेल किंवा एकाएकी गप्प झाला असेल, तर त्याच्यावर लगेच रागावू नका. जवळ जा आणि त्याला विचारा. रीत मोडली तरी विचारा.